बरगड्या मोडल्यावर ॲक्युपंक्चर: इस्पितळाच्या उपचारांसोबत कधी, कुठे आणि कशानंतर

कोकणात बरगड्या मोडायची कारणं ठरलेली आहेत. माडावरून किंवा कलमावरून पडणं, पावसात शेवाळलेल्या जांभ्यावर पाय सटकून पायरीच्या कडेवर आपटणं, होडीच्या काठावर छाती आदळणं, महामार्गावर दुचाकी घसरणं. मग काही दिवस इस्पितळात, आणि घरी आल्यावर सल्ल्यांचा मारा. छाती आवळून बांधा, तेल लावून चोळा, हाडं बसवणाऱ्याकडे न्या. अलीकडे त्यात ॲक्युपंक्चरची, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या उपचाराची, भर पडली आहे. पहिले तिन्ही सल्ले सरळ बाजूला ठेवावेत. चौथा उपयोगी पडू शकतो, पण लोक तो चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी आणि भलत्याच अपेक्षेने वापरतात.

अपेक्षेचं आधी बोलू. सुईने हाड लवकर जुळेल अशी आशा धरू नका. बहुतेक मोडलेल्या बरगड्या साधारण सहा आठवड्यांत आपल्या आपण जुळतात. त्यांना प्लास्टर घालता येत नाही आणि सहसा घालायची गरजही नसते. बहुतेकांना धोका हाडापेक्षा दुखण्यातून जास्त असतो. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ साचतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि न्यूमोनिया होतो. वय पासष्टच्या पुढे असेल, तीन किंवा जास्त बरगड्या मोडल्या असतील, विडी-सिगारेटची सवय असेल, तर हे फार भरभर घडतं.

ॲक्युपंक्चरचं यात काम एकच: दुखणं काही तास कमी करणं, म्हणजे माणसाला खोल श्वास घेता येईल, खोकता येईल. तैवानमध्ये दाखल रुग्णांवर झालेली एक छोटी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. साठाहून कमी रुग्ण होते. खोल श्वास घेताना, खोकताना आणि कूस बदलताना होणारं दुखणं कमी झालं, बहुतेकांचा आराम निदान सहा तास टिकला. मात्र आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या मापात तसा फरक पडला नाही. म्हणजे दुखणं उतरलं म्हणून फुफ्फुस आपोआप फुगत नाही. त्या काही तासांत व्यायाम करावाच लागतो. पुढचा सगळा क्रम याच एका गोष्टीभोवती लावला आहे.

१. नक्की काय मोडलंय ते कागदावर येऊ द्या

सुईचा विचार करण्याआधी इस्पितळातली तपासणी पूर्ण व्हायला हवी. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये बरगडीच्या बऱ्याच भेगा दिसत नाहीत, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘काही मोडलं नाही’ असा घेऊ नका. मार मोठा असेल किंवा दुखणं एक्स-रेशी जुळत नसेल तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. तो टाळू नका.

मोडलेली बरगडी कुठली आहे याला महत्त्व आहे. खालच्या बरगड्यांखाली उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा असते. नवव्या बरगडीपासून खाली मार असेल तर पोटाची तपासणी झाली का, ते विचारा. तीन किंवा अधिक लगतच्या बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या असतील तर छातीचा तो तुकडा श्वासासोबत उलट हलतो. अशा रुग्णाची जागा इस्पितळातच, तिथे ॲक्युपंक्चरचा विषयही काढू नये.

आणखी एक गोष्ट घरच्यांना सहसा माहीत नसते. छातीत हवा किंवा रक्त साठणं पहिल्याच दिवशी दिसेल असं नाही. काही वेळा ते दिवसांनी उघड होतं. म्हणून डॉक्टर पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात. घर लांब आहे, एसटीची दगदग आहे म्हणून लोक नेमकी हीच फेरी गाळतात.

तपासा: डिस्चार्ज कार्डावर या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत का? कोणत्या बाजूच्या कितव्या बरगड्या मोडल्या, हवा किंवा रक्त साठलं होतं का, छातीत नळी घातली होती का आणि कधी काढली, शेवटचा एक्स-रे कधीचा. नसतील तर इस्पितळ सोडण्यापूर्वीच लिहून घ्या. ओरोस, रत्नागिरी किंवा बांबोळीहून गावी पोचल्यावर हे मिळवायला पुन्हा एक दिवस जातो.

२. गोळ्यांचं वेळापत्रक आधी बसवा

बरगडीच्या दुखण्यावर पहिला उपाय औषधच. ‘फार दुखलं की गोळी’ ही पद्धत इथे चालत नाही. दुखणं चढल्यावर ते उतरवायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात रुग्ण वरवरच श्वास घेत राहतो. डॉक्टरांनी दर सहा किंवा आठ तासांनी सांगितलं असेल तर सुरुवातीचे दिवस घड्याळ लावून द्या.

इथे एक चूक जवळजवळ घरोघरी दिसते. बाजारातल्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या मिश्र असतात: ॲसिक्लोफेनॅकसोबत पॅरासिटामॉल, ट्रामाडॉलसोबत पॅरासिटामॉल. त्यावर कोणीतरी वेगळी पॅरासिटामॉल ६५० देतं. तिन्ही पाकिटं उलटी करून मिलिग्रॅमची बेरीज करा. धडधाकट प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. वयस्कर, अशक्त, नियमित दारू घेणारा किंवा यकृताचा आजार असलेल्याला त्याहून कमी, ती किती ते डॉक्टरच सांगतील. मूत्रपिंडाचा त्रास किंवा पोटात व्रण असेल तर ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या न विचारता सुरू करू नका.

ट्रामाडॉलने बद्धकोष्ठ होतो, आणि मोडक्या बरगड्यांनी कुंथणं म्हणजे शिक्षा. पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, पातळ पेज, पालेभाजी, आणि डॉक्टर सांगतील ते पोट साफ होण्याचं औषध. सुस्ती फार येत असेल तर तेही कळवा. गुंगीतला माणूस खोकत नाही.

दुखणं गोळ्यांना दाद देत नसेल तर सुयांकडे वळण्याआधी भूलतज्ज्ञांचा सल्ला मागा. बरगड्यांच्या नसा बधिर करणारी इंजेक्शनं असतात आणि चार-पाच बरगड्या मोडलेल्या माणसाला त्यांचा मोठा उपयोग होतो. ही सोय प्रत्येक तालुक्यात नाही हे खरं, पण विचारायला काही लागत नाही.

सावध: ॲक्युपंक्चर सुरू करतोय म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. सुई गोळीच्या जोडीला असते.

३. सुई केव्हा टोचायची नाही

पुढच्यातली एकही गोष्ट असेल तर थांबा:

– छातीत अजून नळी आहे, किंवा ती काढल्यानंतरचा एक्स-रे झालेला नाही.
– रुग्णाला ऑक्सिजन लागतोय, किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा सतत ९४ च्या खाली आहे.
– ताप आहे, पिवळा-हिरवा कफ पडतोय.
– प्लीहा किंवा यकृताला मार आहे आणि डॉक्टर अजून लक्ष ठेवून आहेत.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, म्हणजे वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल किंवा पोटात टोचायची हेपॅरिनसारखी इंजेक्शनं, तर डॉक्टरांची स्पष्ट परवानगी हवी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, कारण सुईच्या जागी जंतुसंसर्गाची भीती वाढते. पेसमेकर असलेल्याला विजेचा प्रवाह सोडणारं इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर करू नये. गर्भवतीच्या बाबतीत उपचारकाला ते आधी सांगावं; हातावरचे आणि पायावरचे काही बिंदू त्या काळात टाळतात.

ऑर्थोपेडिक किंवा छातीच्या डॉक्टरांना विचारताना ‘ॲक्युपंक्चर केलं तर चालेल का?’ एवढंच विचारलं तर बहुतेक वेळा ‘काही गरज नाही’ असं उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारा: ‘छातीला हात न लावता फक्त हातापायांवर बारीक सुया घेणार आहोत, गोळ्या चालूच राहतील, काही हरकत?’ नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं.

४. उपचारक निवडणं

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि उपचारकांची नोंदणी महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. भिंतीवरची प्रमाणपत्रं वेगळी, नोंदणी वेगळी.

ॲक्युपंक्चर आणि ॲक्युप्रेशर यांत आपल्याकडे सर्रास गल्लत होते, आणि बरगडीच्या रुग्णासाठी ती महागात पडते. ‘पॉइंट दाबून देतो’ म्हणत पाठीवर अंगठ्याने जोर लावला तर अर्धवट जुळलेलं हाड सरकू शकतं. पाठ-छातीवर ॲक्युप्रेशर नको, मालीश नको, कपिंग (पेले लावून त्वचा ओढणं) किंवा हिजामाही (तसंच करून रक्त काढणं) नको. जळत्या वनस्पतीचा शेक, म्हणजे मोक्सा, घरात ऑक्सिजनचं सिलिंडर किंवा काँसन्ट्रेटर असेल तर मुळीच नको, आग लागते. शिवाय धुराने खोकला सुटतो तो निराळाच.

फोनवरच हे विचारून घ्या:

– बरगडी मोडल्यावर सुया कुठे लावता? ‘जिथे दुखतं तिथेच’ असं उत्तर आलं तर दुसरा उपचारक शोधा.
– सुया एकदाच वापरायच्या, सीलबंद असतात ना, आणि समोर फोडता ना?
– एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड बघणार का? जो नको म्हणतो तो नको.
– घरी येता का?

शेवटचा प्रश्न कोकणात सगळ्यांत महत्त्वाचा. उपचारक चिपळूण, कणकवली, अलिबागसारख्या मोठ्या गावांत, आणि रुग्ण आतल्या वाडीत. पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून रिक्षाने जाऊन-येऊन जेवढे हादरे बसतात, त्यात सुईने मिळालेला आराम संपून जातो. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या दोन आठवड्यांत उपचारक घरी येत नसेल आणि वाट खराब असेल तर ॲक्युपंक्चर पुढे ढकलावं. गोळ्या आणि श्वासाचे व्यायाम यांनीही माणूस बरा होतो.

५. सुया टोचून घेण्याचा दिवस

वेळ ठरवताना गोळीची वेळ आणि व्यायामाची वेळ दोन्ही डोळ्यांसमोर ठेवा. सकाळची गोळी आणि न्याहारी, त्यानंतर तासाभराने सुया, आणि सुया काढल्यावर लगेच व्यायाम, असा क्रम सोयीचा पडतो. उपाशीपोटी सुया घेऊ नका, चक्कर येते.

बसायची स्थिती ठरवा. पालथं झोपवणं अर्थातच नाही. पाठीशी दोन-तीन उशा लावून अर्धवट बसलेलं असावं; जुनी आरामखुर्ची असेल तर फारच छान. हात कोपरापासून पुढे मोकळे, पाय गुडघ्यापर्यंत उघडे. टोचायची जागा स्वच्छ आणि कोरडी असावी. दमट हवेत घाम येतो, त्यामुळे पंखा चालू ठेवा आणि टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसून वाळू द्यायला सांगा.

जागा कोणत्या? बाजूच्या बरगड्यांच्या दुखण्यासाठी परंपरेने दोन बिंदू घेतात. एक हाताच्या मागच्या बाजूला, मनगटाच्या सुरकुतीपासून साधारण चार बोटं वर, दोन हाडांच्या मधे; उपचारक त्याला टीई-६ म्हणतात. दुसरा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, तिथल्या हाडाच्या गाठीच्या किंचित पुढे आणि खाली, जीबी-३४. त्यांच्या जोडीला अंगठा आणि तर्जनीमधला एलआय-४ घेतात. गर्भवतीला तो देत नाहीत. ही माहिती उपचारक काय करतोय ते कळावं म्हणून दिली आहे, घरी टोचून बघण्यासाठी नाही.

छाती, पाठीचा वरचा भाग, मानेच्या बुडाशी खांद्याचा उंचवटा आणि गळपट्टीच्या हाडावरची खोबण इथे लांब सुई जाऊ देऊ नका. तिथे त्वचेखाली फुफ्फुस फार लांब नसतं. निरोगी माणसातही छातीवरच्या सुईने फुफ्फुसाला छिद्र पडून हवा साठल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या दुर्मीळ आहेत, पण ज्याची एक बाजू आधीच दुखावली आहे त्याला दुर्मीळ धोकाही परवडत नाही.

  त्वचेतच राहणाऱ्या अगदी आखूड, चिकटपट्टीच्या सुयाही आपल्याकडे मिळतात आणि काही उपचारक त्या लावून घरी पाठवतात. लावल्याच तर किती लावल्या ते मोजून लिहा, काढायची वेळ लिहा, घामाने पट्टी सुटली तर काढून टाका. चिकटपट्टीखाली लाली, पू किंवा ठणका दिसला की लगेच काढायच्या. एमआरआय असेल तर आधी सगळ्या काढलेल्या असल्या पाहिजेत.

सुई जाताना बारीक टोचतं, मग जडपणा किंवा मंद ठणका जाणवतो. विजेसारखी कळ गेली तर तिथल्या तिथे सांगा. साधारण वीस ते तीस मिनिटं सुया ठेवतात. तेवढा वेळ रुग्णाला खोलीत एकटं सोडू नका.

तपासा: टोचलेल्या सुयांची संख्या आणि काढलेल्या सुयांची संख्या जुळली का? वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या डब्यात उपचारकानेच परत न्यायच्या. केराच्या टोपलीत गेलेली सुई दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्याच्या बोटात जाते.

६. सुया निघाल्या की लगेच फुफ्फुसाचं काम

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. सुया काढल्या, बरं वाटलं, आणि माणूस झोपला! दुखणं उतरलेला तो वेळ झोपेत गेला की ॲक्युपंक्चरचा अर्धा उपयोग वाया गेला. झोप नंतर काढा.

आधी स्पायरोमीटर. तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र हवा आत ओढण्यासाठी आहे, फुंकण्यासाठी नाही. दर दुसऱ्या घरात ते फुंकताना दिसतात. सरळ बसा, श्वास हळू पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश आत ओढा. झटका देऊन तिन्ही गोळ्या क्षणभर उडवण्यापेक्षा एक किंवा दोन गोळ्या दोन-तीन सेकंद वर धरून ठेवणं चांगलं. मग थोडा श्वास रोखून हळू सोडा. असे दहा श्वास, मधे विसावा घेत. चक्कर आली तर थांबा. जागेपणी दर तासाला हेच करायचं, सुया घेतल्या असोत वा नसोत.

मग खोकला. घट्ट उशी किंवा घडी घातलेली चादर मोडलेल्या बाजूवर दोन्ही हातांनी दाबून धरा, खोल श्वास घ्या आणि दोन-तीनदा खोका. उशीचा आधार फक्त खोकण्यापुरता. तो पट्ट्यासारखा दिवसभर बांधून ठेवला की छाती फुगत नाही आणि पुन्हा न्यूमोनियाकडेच वाट वळते. औषधाच्या दुकानात मिळणारा बरगड्यांचा पट्टाही त्याच कारणासाठी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

नंतर उठून चाला. अंगणात, खळ्यात, पडवीत, जिथे सपाट असेल तिथे. पावसाळ्यात ओल्या जांभ्यावर नाही.

पहिल्या दिवसांत बर्फाचा शेक बरा वाटतो. बंदरावरून मासळीचा बर्फ आणलात तरी तो पिशवीत घालून, वर कापड गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटंच. उघडा बर्फ त्वचा जाळतो.

७. उपयोग होतोय का, ते वहीत दिसलं पाहिजे

‘बरं वाटतंय’ यावर विसंबू नका. एक वही घ्या आणि शून्य ते दहा असा आकडा दोनदा लिहा: स्वस्थ बसल्यावर किती दुखतं आणि खोकताना किती. स्वस्थ बसल्यावरचा आकडा आपोआपच उतरत जातो. खोकतानाचा आकडा सुया घेण्यापूर्वी, सुया घेतल्यावर आणि झोपताना असा तीनदा लिहा. सोबत स्पायरोमीटरच्या किती गोळ्या किती सेकंद टिकल्या आणि दिवसात किती गोळ्या घेतल्या. (औषधाच्या गोळ्या आणि यंत्राच्या गोळ्या एकाच रकान्यात लिहू नका, असंही होतं.)

चार बैठकांनंतरही खोकतानाचा आकडा हलला नसेल तर पैसे वाचवा आणि बंद करा. हा चारचा आकडा माझा आहे, कुठल्या नियमातला नाही. पण ‘दहा बैठकांचं पॅकेज आधी भरा’ म्हणणाऱ्यापेक्षा तो बरा. आकडा उतरत असेल तर वही डॉक्टरांना दाखवा. औषध कमी करायचं ते त्यांच्या सल्ल्याने, सहसा ट्रामाडॉलसारखी जड गोळी आधी.

८. या खुणा दिसल्या तर सुया, व्यायाम, सगळं थांबवून इस्पितळ

– धाप वाढत चालली, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर.
– सुया घेतल्यानंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशीही अचानक छातीत तीव्र कळ आणि दम लागणं. डॉक्टरांना ‘सुया घेतल्या होत्या, या जागी’ असं स्पष्ट सांगा. लपवल्याने निदानाला उशीर होतो.
– ताप, घट्ट पिवळा कफ, कफात रक्त.
– पोट दुखणं किंवा फुगणं, चक्कर, डाव्या खांद्याच्या टोकाला नवीन दुखणं. प्लीहेतून रक्तस्राव होत असेल तर दुखणं तिथे जाणवतं, आणि तो मार लागल्यावर काही दिवसांनीही होऊ शकतो.
– वयस्कर माणूस गोंधळून बोलू लागला.

रात्र असो, पाऊस असो, १०८ ला फोन करा. वाडीपर्यंत गाडी येत नसेल तर रुग्णाला कुठल्या फाट्यावर आणायचं ते आधीच ठरवून ठेवा. खुर्चीत बसवून न्या. पाठकुळी घेतलं तर मोडलेली छाती दाबली जाते.

९. कामावर परतताना

ॲक्युपंक्चरने दुखणं कमी झालेला माणूस स्वतःला बरा समजून लवकर कामाला लागतो, ही यातली शेवटची मोठी चूक. सहा आठवड्यांपर्यंत भरलेली कळशी, गॅसचं सिलिंडर, आंब्याच्या पेट्या, जाळं ओढणं बंद. बसून करायची हलकी कामं दोन-तीन आठवड्यांत जमू शकतात. दुचाकी कधी चालवायची ते गोळ्यांची गुंगी आणि अचानक ब्रेक लावण्याची ताकद पाहून डॉक्टर सांगतील. माडावर चढणं, झेल्याने आंबे काढणं, होडीवर जाणं ही कामं सगळ्यांत शेवटी. जड कामाला तीन महिनेही लागू शकतात.

मालवण-तारकर्ली भागात पाण्याखाली जाण्याचं काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. अपघातात फुफ्फुसाबाहेर हवा साठली असेल, तर बरगडी जुळली तरी छातीच्या तज्ज्ञांच्या लेखी परवानगीशिवाय डायव्हिंग करायचं नाही. पाण्याखालून वर येताना फुफ्फुसातली हवा प्रसरण पावते, आणि तेव्हा ते फाटलं तर मदतीला वेळ मिळत नाही. विमानप्रवासाआधीही तज्ज्ञांना विचारा.

बारा आठवडे उलटूनही खोकताना किंवा कूस बदलताना तीच कळ येत असेल, हाड कटकट वाजत असेल, तर आणखी बैठका घेत बसू नका. हाड जुळलं नसण्याची किंवा बरगडीजवळची नस दुखावली असण्याची शक्यता आहे. वही आणि जुने एक्स-रे घेऊन ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा.